समाजस्वास्थ्यकार रघुनाथराव कर्वे

वर्षा-दोन वर्षांनी सुट्टीवर गावी गेलो की घराची साफसफाई निघतेच. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते, आजोबांच्या वेळची मासिके बाहेर पडतात आणि दुपारपर्यंत रद्दीवाल्याच्या तागडीत जातात. त्या गठ्ठ्यात ‘समाजस्वास्थ्य’ नावाचा एखादा अंक निघाला, तर मात्र जरा थांबावे, असे आम्हाला वाटते. तो अंक काढणाऱ्या गृहस्थाची हकीकत म्हणूनच आज सांगावीशी वाटली.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म 14 जानेवारी 1882 रोजी कोकणात मुरूड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना, 1891 साली, आई राधाबाई गेल्या. पुढे 1893 साली वडिलांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि सनातनी समाजाचा रोष ओढवून घेतला. मनाला पटले ते जगाला न भिता करायचे, हा धडा मुलाला घरातच मिळाला.

मुलगा बुद्धीने तल्लख. 1899 साली तो मॅट्रिकला पहिला आला. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली आणि गणिताचा अध्यापक झाला. 1919 साली गणिताच्याच अभ्यासासाठी रघुनाथराव पॅरिसला गेले. परत आले तेव्हा एक विचार डोक्यात पक्का बसला होता. कामविषयक अज्ञान हा समाजाचा रोग आहे आणि त्यावर औषध म्हणजे स्पष्ट, शास्त्रीय माहिती. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले, यावरून रघुनाथराव काळाच्या किती पुढे होते ते ध्यानात येईल.

त्यांना किंमतही मोजावी लागली. मुंबईच्या विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी 1925 साली सुटली. प्रचार की नोकरी असा प्रश्न आला आणि त्यांनी प्रचार निवडला. पत्नी मालतीबाई या ओढगस्तीच्या संसारात त्यांच्या पाठीशी राहिल्या. दोघांनी ठरवून मूल होऊ दिले नाही.

जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे, त्यामुळे अंक चारचौघांत उघडायची सोय नव्हती. आत मात्र चावटपणाचा लवलेश नसे. आरोग्य, विवाह, स्त्रीचे हक्क, बुद्धिवाद असे विषय असत आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे असत. आईवडिलांना, डॉक्टरला, मित्राला जे विचारण्याची सोय नव्हती, ते लोक रघुनाथरावांना विचारीत. पुरुषाला पुरुषाविषयी वाटणाऱ्या ओढीबद्दलही विचारीत. रघुनाथराव त्यांना पापी ठरवीत नसत. कुणाचे नुकसान होत नसेल तर त्यात गुन्हा कोणता, अशीच त्यांची भूमिका असे.

सरकारला हे सोसले नाही. 1931 साली एका लेखावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड भरावा लागला. 1934 साली दुसरा खटला उभा राहिला, तो या प्रश्नोत्तरांवरूनच. या वेळी त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मासिक जर याच विषयाला वाहिलेले आहे, तर आलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही हे कसे चालेल, असा बाबासाहेबांचा मुद्दा होता. विकृती म्हणून जे हिणवले जाते त्यावरही ज्ञान हाच उपाय, असे सांगताना त्यांनी हॅव्हलॉक एलिससारख्या अभ्यासकाचा आधार घेतला. खटला हरला आणि दोनशे रुपये दंड झाला. पण समलिंगी माणसांविषयी बोलण्याचा हक्क मुंबईच्या कोर्टात 1934 साली मागितला गेला होता, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

याच सुमारास बर्लिनमध्ये काय घडले ते पाहा. डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी 1919 साली तेथे कामशास्त्राची संस्था काढली होती आणि समलिंगी लोकांविषयीची पुस्तके, कागदपत्रे, छायाचित्रे जमवली होती. हे डॉक्टर 1931 साली हिंदुस्थानातही येऊन गेले. मे 1933 मध्ये नाझींनी ती संस्था लुटली आणि भर चौकात पुस्तकांची होळी केली. एका पिढीची स्मृती एका रात्रीत गेली. आपल्याकडे होळी झाली नाही. आपल्याकडे कागद वाळवीने खाल्ले, लाजेपोटी जाळले किंवा किलोच्या भावाने विकले.

रघुनाथराव दंड भरत, तोटा सोसत मासिक काढीत राहिले. 1944 साली मालतीबाई गेल्या. 1952 साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, पण पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1953 रोजी, रघुनाथरावांनी जगाचा निरोप घेतला. सव्वीस वर्षे चाललेले मासिकही थांबले. वडिलांना 1958 साली भारतरत्न मिळाले. मुलाच्या वाट्याला हयातीत आले ते दंड आणि टवाळी.

तरीही ते विसरले गेले नाहीत, कारण काही लोकांनी कागद जपले. डॉ. अनंत देशमुखांनी कष्टाने त्यांचे चरित्र आणि साहित्य पुन्हा वाचकांसमोर आणले. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट 2001 साली आला, पुढे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटकही रंगभूमीवर आले. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, तेव्हा आम्हाला 1934 चा तो हरलेला खटला आठवला.

रघुनाथरावांची सगळीच मते आज पटतील असे नाही. पण ज्यांची दखल कुठल्याच बखरीत नाही, त्या माणसांचे प्रश्न त्यांच्या अंकांत मराठीत छापलेले आहेत. म्हणून वाचकांनो, बरवा अल बराहातून यंदा सुट्टीवर जाल तेव्हा ट्रंकेतले कागद तागडीत टाकण्याआधी एकदा चाळून पाहा. काही सापडले तर गावच्या वाचनालयात नेऊन द्या. कुणाच्या तरी जगण्याची ती एकुलती एक नोंद असू शकेल.