बाबासाहेब, नोंदवही आणि आपला अंगठा

पूर्वी आपल्याकडे अंगठा लावणे ही लाजेची गोष्ट होती. ज्याला सही येत नाही त्याला लोक अंगठेबहाद्दर म्हणायचे. आता काळ असा उलटला आहे की एम.टेक. झालेला माणूससुद्धा निमूटपणे मशीनवर अंगठा ठेवतो आणि हिरवा दिवा लागायची वाट बघतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे, एक फोटो आणि त्याबदल्यात बारा आकडे. सुरुवात आपल्या महाराष्ट्रातूनच झाली.

हॉस्टेलवर या विषयावर वाद निघाला की एक प्रश्न हमखास येतो. ज्याने काही गुन्हा केलेला नाही त्याला लपवायचे काय? सरकारला माहिती दिली तर बिघडले कुठे? प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण मित्रांनो, याचे उत्तर कायद्याच्या जाड पुस्तकात शोधायच्या आधी एका माणसाच्या आयुष्यात शोधून बघू. तो माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यांचे शिक्षण, महाडचा सत्याग्रह, राज्यघटना हे आपण शाळेपासून वाचत आलो. आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे तेच आयुष्य थोड्या वेगळ्या बाजूने पाहू. तू कोण, हे त्यांना कोणी, कुठे विचारले आणि उत्तर दिल्यावर काय झाले?

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू छावणीतला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. गावावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर हे आडनाव लागले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. हा दिवस आज राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या शाळेत नाव पटावर होते, पण बसायला वेगळी जागा आणि पाणी दुसऱ्याने वरून ओतले तरच. म्हणजे पटावर नाव येणे आणि माणूस म्हणून स्वीकारले जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांना नवव्या वर्षीच कळले.

पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, एक प्रसंग घडला. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला भीमराव, मोठा भाऊ आणि बहिणीची मुले आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. मुलांच्या अंगावर नवे, नीटनेटके कपडे होते. घ्यायला कोणी आले नाही म्हणून स्टेशन मास्तरने आपुलकीने चौकशी केली. कपड्यांवरून त्याला ही ब्राह्मणांची मुले वाटली. मुलांनी निरागसपणे आपली जात सांगून टाकली, आणि मास्तरचा चेहराच बदलला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. तेही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान शेजारून चालणार.

रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. जवळ डबा होता, पण पाणी नव्हते, आणि पाण्यावाचून जेवण कसे करणार? गाडीवानाने सल्ला दिला की नाकेदाराला आपण मुसलमान आहोत असे सांगा, म्हणजे पाणी मिळेल. नऊ-दहा वर्षांचा भीमा नाकेदाराकडे गेला आणि उर्दूत बोलून पाणी मागू लागला. तरीही मिळाले नाही. मुले उपाशीच झोपली. या पोरांनी कुठला गुन्हा केला होता? लपवण्यासारखे त्यांच्याकडे काय होते? काहीच नव्हते. तरी आपण कोण हे लपवायची वेळ त्यांच्यावर आली. खरे सांगितले तर दुप्पट भाडे आणि खोटे सांगितले तरी घसा कोरडा.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून १९१६ मध्ये लंडन. या चार-पाच वर्षांत लायब्ररीत, मेसमध्ये, वर्गात त्यांना कोणी जात विचारली नाही. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी नंतर लिहून ठेवले.

१९१७ मध्ये ते करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आले. इतका शिकलेला माणूस, महाराजांच्या दरबारी नोकरी, पण राहायला खोली मिळेना. हिंदू खानावळीत प्रवेश नाही. शेवटी एका पारशी विश्रामगृहात गेले. तिथला नियम असा की फक्त पारशांनाच राहता येईल, आणि राहणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहावे लागेल. व्यवस्थापकाला पैशाची गरज होती. मग तोडगा निघाला की नोंदवहीत पारशी नाव लिहायचे. रोज दीड रुपया भाडे. एका रिकाम्या, अंधाऱ्या मजल्यावर कंदिलाच्या उजेडात अर्थशास्त्राचा हा पंडित खोट्या नावाने राहू लागला.

अकराव्या दिवशी सकाळी ते ऑफिसला निघाले असताना हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. तू कोण, हाच प्रश्न. संध्याकाळपर्यंत खोली सोडायचे फर्मान निघाले. दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. मग कमाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ती नोकरी सुटली. एका नोंदवहीच्या रकान्याने एका विद्वानाचे गाव सोडवले. हे सगळे त्यांनी १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या आठवणींत आहे. त्या आठवणी त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आल्या.

आपल्या मराठवाड्यातला प्रसंगही त्यात आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी बघायला निघाले. तेव्हा औरंगाबाद काय आणि आपले हिंगोली काय, सगळेच निजामाच्या राज्यात. रस्त्यात त्रास नको म्हणून मंडळींनी आपली ओळख मुद्दामच सांगितली नव्हती. पण दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने तोंड-हात धुतले आणि गलका झाला. हौद बाटवला म्हणून लोक धावून आले. खूप वादावादीनंतर किल्ला बघायची परवानगी मिळाली, पण सोबत हत्यारी शिपाई. कशासाठी? तर यांनी आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून. तोपर्यंत बाबासाहेब बॅरिस्टर होते, गोलमेज परिषदेत बोलून आलेले होते आणि १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले होते. तरीही एका हौदापाशी या सगळ्याची किंमत शून्य झाली.

इथे कोणी म्हणेल, मग बाबासाहेब नोंदणीच्याच विरोधात असतील. अजिबात नाही, आणि हीच गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. १९३२ साली मताधिकारासाठी लोथियन समिती आली तेव्हा अस्पृश्यांची संख्या किती यावरून मोठा वाद झाला. अनेक प्रांतांतून ती कमी दाखवली जात होती. बाबासाहेब समितीचे सदस्य होते आणि ते आकड्यासाठी भांडले. जो मोजला जात नाही त्याला वाटा मिळत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत होते? आज आपल्यातले कितीतरी जण शिष्यवृत्तीवर शिकतात. जातीचा दाखला काढला, नोंद झाली, म्हणून फी भरली गेली. नोंद हा हक्काचा दरवाजा आहे.

पण तीच नोंद बेडी कशी होते तेही या देशाने पाहिले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. १९११ च्या कायद्यात तर नोंद झालेल्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचा अधिकार सरकारला मिळाला. पारधी, कैकाडी यांसारख्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या हजेरी दिली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण संशयाची नजर अजून पुरती गेलेली नाही. ठसा तोच, शाई तीच. एका नोंदीने शाळेचे दार उघडते, दुसरीने तुरुंगाचे.

म्हणून बाबासाहेबांनी नोंद नाकारली नाही, तिच्यावर कायद्याची कडी हवी असे मानले. मार्च १९४७ मध्ये त्यांनी संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी राज्ये आणि अल्पसंख्याक यांवरचे निवेदन तयार केले. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि वस्तू यांची अवाजवी झडती-जप्ती होऊ नये असे कलम त्यात होते. त्या वेळी ते वगळले गेले. मग डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातून आलेले सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती संविधान सभेत मांडली. मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या बाबासाहेबांनी ती स्वीकारायची तयारी दाखवली. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात अशी तरतूद आहेच, पण घटनेत घातली तर उद्याच्या विधिमंडळाला ती सहज पुसता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पण मतदान लांबले आणि शेवटी दुरुस्ती पडली.

याचे परिणाम बाबासाहेब हयात असतानाच दिसले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी, घटनाकारांनी असे कलम घातलेले नाही, या आधारावर खासगीपणाचा हक्क घटनेत वाचायला नकार दिला. बाबासाहेबांनी १९५१ मध्येच मंत्रिपद सोडले होते. त्याच्या आदल्या वर्षी, १९५० मध्ये, त्यांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले होते. मराठवाड्यातल्या किती घरांत पहिला पदवीधर या महाविद्यालयाने दिला! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. आपली ओळख त्यांनी स्वतः निवडली आणि लाखोंच्या साक्षीने जाहीर केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

ती पडलेली दुरुस्ती मात्र पुन्हा वर आली. आधार योजनेला निवृत्त न्यायमूर्ती पुट्टास्वामी यांनी २०१२ मध्ये आव्हान दिले. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असे सरकारतर्फे सांगितले गेले आणि आधार घेतला गेला तो १९५४ च्याच निकालाचा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो युक्तिवाद फेटाळला. निकालपत्रात १९४८ सालच्या त्या चर्चेचीही उजळणी आहे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाचपैकी चार न्यायाधीशांनी सरकारी लाभासाठी आधार वैध ठरवले. पण मोबाइल आणि बँक खात्याला सक्तीने जोडणे रद्द केले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी विरोधी निकाल लिहिला.

आपण इंजिनिअरिंगचे लोक, तेव्हा यंत्रणेची बाजूही नीट मांडली पाहिजे. आधारच्या नोंदीत जात, धर्म, उत्पन्न लिहू नये, असे २०१६ च्या कायद्यातच आहे. ठसा पडताळला की उत्तर फक्त हो किंवा नाही असे येते. ही चांगली रचना आहे. अडचण दुसरीकडे आहे. शिष्यवृत्तीचा फॉर्म एका कपाटात, दवाखान्याचा केसपेपर दुसऱ्या, बँकेचे खाते तिसऱ्या. सगळ्या कपाटांवर एकच नंबर असला की ज्याच्या हाती किल्ली त्याला अख्खा माणूस दिसतो. शिवाय पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. आणि बोटही दगा देते. वसमत भागात हळद काढून, ऊसतोडीला जाऊन ज्यांच्या हाताच्या रेषाच झिजल्या, त्यांचा ठसा मशीनला ओळखू येईलच असे नाही. रेशन दुकानात उभ्या असलेल्या आजीला मशीन विचारते, तू कोण? आजी सांगते, पण मशीन मानत नाही.

आता तो सुरुवातीचा प्रश्न पुन्हा घ्या. लपवायचे काय? मसूरच्या पोरांकडे लपवण्यासारखे काही नव्हते, बडोद्याच्या नोकरदाराकडेही नव्हते. दोष विचारणाऱ्याच्या मनात होता आणि शिक्षा सांगणाऱ्याला झाली. आपण कोण हे कधी, कोणाला आणि किती सांगायचे हे ठरवायचा हक्क म्हणजेच खासगीपणा. ज्याच्या आडनावाने दारे उघडतात त्याला हा हक्क चैनीचा वाटेल. ज्याच्या आडनावाने खोली नाकारली जाते त्याला तो भाकरीइतका लागतो.

तेव्हा मित्रांनो, थोडे आपल्या हातातलेही करू. आधारची झेरॉक्स वाटेल तिथे देऊ नका. पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते, ती चालते का ते आधी विचारा. तात्पुरता आभासी क्रमांक काढता येतो, बोटांच्या ठशांना ऑनलाइन कुलूपही लावता येते. आणि ऑफिसातल्या सर-मॅडमना एक नम्र विनंती. शिष्यवृत्तीची यादी नोटीस बोर्डावर किंवा ग्रुपवर टाकायची असेल तर त्यात आधार क्रमांक आणि जातीचा प्रवर्ग ठेवू नका. विद्यार्थ्याला स्वतःचा अर्ज क्रमांक पुरतो. गावातून पहिल्यांदाच बाहेर पडलेला एखादा मुलगा या वर्षी आपल्या हॉस्टेलवर आला असेल. रूम पार्टनरला आपल्याबद्दल काय आणि कधी सांगायचे, हे त्याला ठरवू द्या. दोन रकाने झाकायला पाच मिनिटे लागतात.