बहिणाबाई चौधरी

बहिणाबाई नथुजी चौधरी (२४ ऑगस्ट १८८० – ३ डिसेंबर १९५१) या खानदेशातील लेवा गणबोलीत काव्यरचना करणाऱ्या मराठी कवयित्री होत. त्या निरक्षर होत्या. शेतीची कामे करताना, जात्यावर दळताना आणि चुलीपुढे बसून त्यांनी रचलेली गाणी त्यांच्या मृत्यूनंतर 'बहिणाबाईंची गाणी' या नावाने प्रसिद्ध झाली. कृषिजीवन, माहेर-सासर, मानवी मन आणि वैधव्य हे त्यांच्या काव्याचे प्रमुख विषय आहेत. खेड्यातील स्त्रीच्या अंगावरील गोंदणाला सौभाग्यालंकाराहून वेगळा अर्थ देणारी त्यांची रचनाही याच काव्यात आहे. सतराव्या शतकातील, संत तुकारामांच्या शिष्या असलेल्या संत बहिणाबाई या त्यांच्याहून वेगळ्या. नामसाम्यामुळे दोघींच्या माहितीत अनेकदा गल्लत केली जाते.

बालपण आणि विवाह

बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळील असोदे या गावी लेवा पाटीदार समाजातील महाजन कुटुंबात झाला. वडिलांचे नाव उखाजी आणि आईचे भीमाई. घमा, गना आणि घना हे तीन भाऊ व अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी अशा भरल्या घरात त्या वाढल्या. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाला. असोदे ते जळगाव हे अंतर काही मैलांचेच. तरीही माहेरच्या वाटेची ओढ त्यांच्या काव्यात अखेरपर्यंत राहिली. ओंकार आणि सोपानदेव हे दोन मुलगे व काशी ही मुलगी अशी त्यांना तीन अपत्ये झाली.

वैधव्य

वयाच्या सुमारे तिसाव्या वर्षी बहिणाबाईंना वैधव्य आले. धाकटे सोपानदेव त्या वेळी अवघ्या दोन-तीन वर्षांचे होते. एकत्र कुटुंबाची वाटणी झाली, आणि थोरल्या ओंकारला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. शेताचा आणि मुलांचा भार एकट्या बहिणाबाईंवर पडला.

त्या काळी पती निवर्तल्यावर स्त्रीच्या अंगावरील सौभाग्यचिन्हे तिच्याकडून काढून घेतली जात. कपाळीचे कुंकू पुसले जाई, हातातील बांगड्या फोडल्या जात, गळ्यातील मंगळसूत्र उतरवले जाई. हे सर्व बहुधा आयाबायांच्या समक्ष, त्यांच्याच हातून होई. एका दिवसात स्त्रीचे रूप पालटे आणि त्याबरोबर गावातील तिचे स्थानही. मात्र एक खूण कोणालाही काढून घेता येत नसे, आणि ती म्हणजे गोंदण. बहिणाबाईंच्या काव्यातील गोंदण समजून घेण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते.

गोंदणाची रीत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील खेड्यांत मुलींना लहानपणीच, निदान लग्नापूर्वी, गोंदून घेण्याची रीत सर्वत्र होती. भटक्या जमातींतील गोंदणाऱ्या बाया सुगीनंतर गावोगाव हिंडत. दोन-तीन सुया एकत्र बांधून, काजळीने रेखलेल्या आकृतीवर त्या टोचत आणि वरून हळद लावत. जखम भरली की काळी रेघ हिरवट निळी दिसू लागे. टोचून घेणारी पोर रडू नये म्हणून गोंदणारीण गाणी म्हणे. मोबदला म्हणून तिला पसाभर धान्य किंवा जुने लुगडे मिळे.

कपाळावर व हनुवटीवर ठिपके, मनगटाच्या वरच्या भागावर तुळस किंवा तुळशीवृंदावन, दंडावर विंचू, कोठे चंद्रकोर, कोठे देवाचे किंवा नवऱ्याचे नाव अशा आकृती प्रचलित होत्या. आकृती ठरलेल्या असत हे खरे. परंतु कोणती घ्यावी, किती ठिपके घ्यावेत, कोणत्या जागी घ्यावेत, यात प्रत्येकीची आवड दिसे. आईच्या हातावरची तुळस पाहून मुलीने तशीच मागावी, मैत्रिणींनी एकाच दिवशी सारखेच गोंदून घ्यावे, असे होई. ज्यांना सोन्याचांदीचे दागिने परवडत नसत त्यांचा हाच दागिना होता. तो चोरीला जात नसे, गहाण पडत नसे. मरणानंतर देहाबरोबर केवळ गोंदण येते, बाकी सारे येथेच राहते, ही श्रद्धा तर आजही जुन्या बायांच्या तोंडी ऐकू येते. कुंकवाच्या जागी गोंदून घेण्यामागे कपाळ कधी मोकळे दिसू नये, असाही हेतू सांगितला जातो.

काव्यातील गोंदण

पतीच्या मृत्यूनंतरच्या आपल्या रचनेत बहिणाबाईंनी याच रीतीचा आधार घेतला आहे. कुंकू गेले, परंतु गोंदण उरले आहे. तेच आता नशिबाला आमंत्रण देईल, असा विचार त्यांनी तेथे मांडला. त्यापाठोपाठ त्या बांगड्यांचा उल्लेख करतात. त्या फुटल्या, तरी मनगटातले कर्तृत्व शिल्लक आहे. मंगळसूत्र तुटले, तरी गळ्याची शपथ कायम आहे. समाजाने काढून घेतलेल्या प्रत्येक चिन्हासमोर त्या अंगातच असलेली, काढून घेता न येणारी एकेक गोष्ट ठेवतात, आणि या मांडणीचा आरंभ गोंदणापासून होतो. सौभाग्याची शोभा म्हणून लहानपणी अंगावर आलेली खूण येथे विधवेची स्वतःची मालमत्ता ठरते. हा अर्थ रूढीने दिलेला नव्हता. तो बहिणाबाईंचा आहे.

याला जोडून त्यांची आणखी एक रचना पाहण्याजोगी आहे. तीत, कुंकवाखाली झाकलेली कर्माची रेघ कुंकू पुसताच उघडी पडली, अशी कल्पना येते. त्याच रचनेत त्या दारी आलेल्या ज्योतिषाला हात दाखवण्यास नकार देतात आणि तळहातावरच्या रेघोट्यांना नशीब मानत नाहीत. कपाळावरची आणि तळहातावरची रेघ जन्माने आलेली; गोंदण मात्र माणसाच्या हाताने, सुईची वेदना सोसून मिळवलेले. दैव आपल्याला बोलावील याची वाट न पाहता दैवालाच आमंत्रण देण्याचे काम त्यांनी या दुसऱ्या प्रकारच्या खुणेवर सोपवले. या रचनांचे वर्गीकरण अनेकदा नुसते 'वैधव्याच्या दुःखाच्या कविता' असे केले जाते. ते अपुरे आहे.

लेवा बोलीत गोंदणाला 'गोंदन' म्हणतात आणि तळहाताला 'तयहात'. प्रमाण मराठीतील 'ण' चा 'न' आणि 'ळ' चा 'य' होणे हे या बोलीचे वैशिष्ट्य आहे. शालेय पुस्तकांतून बहिणाबाई वाचणाऱ्या इतर भागांतील मुलांना प्रथम अडचण येते ती येथेच.

गाण्यांची नोंद आणि प्रकाशन

सोपानदेव पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपाला आले. शाळकरी वयात ते घरी सावित्री-सत्यवानाचा धडा मोठ्याने वाचत असता बहिणाबाईंनी तो ऐकला आणि त्याच कथेवर गाणे रचले, असे सांगितले जाते. सोपानदेव आणि त्यांचे आप्त पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी काही गाणी कागदावर उतरवून घेतली. जी उतरवली गेली नाहीत ती हरवली.

बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी ही वही आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांना दाखवली. गाणी वाचताच अत्र्यांनी ती प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. १९६१ च्या 'मानिनी' या चित्रपटात यातील काही गाणी वसंत पवार यांच्या संगीतात आली आणि ती घरोघर पोहोचली.

स्मृती

जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात बहिणाबाईंचे स्मृतिसंग्रहालय आहे. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' असे नाव देण्यात आले. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या प्राणिसंग्रहालयालाही त्यांचेच नाव आहे.