विश्लेषण : कार्बन कर ही कल्पना कुणाची?

कोळसा, पेट्रोल जाळणाऱ्यांवर कार्बन कर लावावा का, हा वाद आजचा. त्यामागचा हिशेब शंभर वर्षांपूर्वीचा. तो मांडला केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ आर्थर सेसिल पिगू यांनी.

१८७७ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेले पिगू १९०८ मध्ये, ऐन तिशीत, आल्फ्रेड मार्शल यांच्या जागी प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी शस्त्र हाती घेतले नाही. सुट्ट्यांत आघाडीजवळ रुग्णवाहिका मात्र चालवली.

१९२० मध्ये त्यांचा ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ हा ग्रंथ आला. त्यातले एक उदाहरण धुराचे. कारखान्याच्या धुराड्याखाली मालक नफा मोजतो. काळवंडलेले कपडे धुण्याचा, घरे पुसण्याचा, जादा दिवे लावण्याचा खर्च शहरातले लोक सोसतात. हा खर्च मालाच्या किमतीत येत नाही, म्हणून धूर ‘स्वस्त’ पडतो. तेव्हा कर लावून तो किमतीत आणा, हा पिगूंचा उपाय. हवामान बदल त्यांच्या डोळ्यांसमोरही नव्हता.

१९३६ मध्ये केन्स यांनी त्यांच्या बेरोजगारीविषयक मांडणीवर कठोर टीका केली आणि पिगू मागे पडले. पुढे त्यांनी केन्सचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले. विद्वानांत हे विरळाच! १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९९० मध्ये फिनलंडने पहिला कार्बन कर लावला, पुढच्या वर्षी स्वीडनने. भारतात २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर आला. २०१६ मध्ये तो ४०० वर गेला.

कर नेमका किती, यावर मात्र अजून भांडण आहे. सरकारे अज्ञानाने, हितसंबंधीयांच्या दबावाने किंवा भ्रष्टाचारानेही चुकतात, हे पिगूंनी त्याच ग्रंथात बजावले होते.