तीन हंसांचा वंश

१९५० साली हवाई बेटांहून दोन हंस इंग्लंडमधल्या स्लिमब्रिज या गावी पोहोचले. नर-मादीची जोडी आली, असा सगळ्यांचा समज होता. पुढच्या वर्षी दोघांनीही अंडी घातली तेव्हा उलगडा झाला, की दोन्ही माद्याच होत्या. हंसांमध्ये नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे ही चूक काही फार मोठी नव्हती. पण या जातीचे उणेपुरे तीसेक पक्षी रानात उरले होते आणि विणीचा एक हंगाम फुकट जाणे परवडणारे नव्हते. तातडीने तार गेली आणि हवाईहून विमानाने एक नर आला. तिथल्या जुन्या राजाच्या नावावरून त्याचे नाव ठेवले कामेहामेहा. १९५२ मध्ये पिले निघाली. या पक्ष्याचे नाव नेने. आपल्याकडच्या आडनावाशी त्याचा काही संबंध नाही; त्याच्या मऊ हाकेवरून हवाईच्या लोकांनी ते ठेवले आहे.

हा उद्योग ज्यांनी मांडला ते सर पीटर स्कॉट. जागतिक वन्यजीव निधीचे पांढरे-काळे पांडाचे बोधचिन्ह आपण सगळ्यांनी पाहिलेले असते. १९६१ मध्ये ही संस्था स्थापन करणाऱ्यांपैकी ते एक आणि ते चिन्हही त्यांच्याच हातचे.

पीटर यांचा जन्म १४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील कॅप्टन रॉबर्ट स्कॉट दक्षिण ध्रुवावर पोहोचले, पण परतीच्या वाटेवर १९१२ च्या मार्चमध्ये बर्फात गेले. तेव्हा मुलगा अडीच वर्षांचा होता. तंबूत मृत्यूची वाट पाहत असताना वडिलांनी पत्नीला लिहिलेल्या पत्रात, जमल्यास मुलाला निसर्गाची गोडी लाव, असे सुचवले होते. आई कॅथलीन शिल्पकार. तिने ते मनावर घेतले.

गोडी लागली, पण ती आधी बंदुकीच्या वाटेने. केंब्रिजला शिकत असताना पहाटेच्या काळोखात दलदलीत दबा धरून हंस आणि बदके टिपणे हा पीटर यांचा आवडता छंद होता. शिकार करायची आणि त्याच पक्ष्यांची चित्रे काढायची. चित्रे चांगली विकली जात. पुढे समुद्रकाठच्या एका जुन्या दीपगृहात त्यांनी बिऱ्हाड केले आणि तिथे जिवंत हंस पाळायला सुरुवात केली. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये शिडाच्या होडीच्या शर्यतीत कांस्यपदकही मिळवले. एकदा गोळी लागून चिखलात पडलेला एक हंस मरतही नव्हता आणि त्याच्यापर्यंत पोहोचताही येत नव्हते. त्या दृश्याने त्यांच्या मनात टोचणी लागली आणि हळूहळू बंदूक सुटली. महायुद्धात त्यांनी नौदलात लढाऊ नौकांवर काम केले. युद्ध संपताच, १९४६ मध्ये, सेव्हर्न नदीकाठी स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी संस्था उभी केली.

तिथेच नेने आले. ते आले कुठून, हे पाहणे महत्त्वाचे आहे. हवाईतील हर्बर्ट शिपमन नावाच्या जमीनदाराने १९१८ पासून आपल्या वाडीत थोडे नेने पाळले होते. १९४६ च्या त्सुनामीत त्यातले बहुतेक वाहून गेले. जे वाचले त्यांच्यातलेच हे पक्षी. म्हणजे स्लिमब्रिजच्या तीन पक्ष्यांमध्येही आपसात जवळचे नाते असण्याचीच शक्यता अधिक. शिवाय तिघांत नर एकच. त्यामुळे पहिल्या पिढीतले प्रत्येक पिलू दुसऱ्याचे सख्खे नाहीतर सावत्र भावंड होते. पुढची पिढी हवी तर भावंडांचीच जोडी लावावी लागणार, दुसरा मार्ग नव्हता.

सुरुवातीला सगळे छान चालले. मादीने घातलेली पहिली अंडी काढून घ्यायची, म्हणजे ती पुन्हा घालते. काढलेली अंडी खुडूक कोंबडीखाली उबवायची. आकडा भराभर वाढला. पण काही वर्षांतच अंड्यांच्या टोपल्यांमध्ये न फळलेल्या अंड्यांचे प्रमाण वाढू लागले. माद्या अंडी घालत होत्या, पण नरांची प्रजननक्षमता घसरली होती. काही पिले विचित्र पिसांची निघत. त्यांची लव मऊ दाट असण्याऐवजी केसांसारखी विरळ असे. अशी लव ऊब धरून ठेवत नाही आणि इंग्लंडच्या गारठ्यात पिलाचा जीव त्या उबेवरच अवलंबून असतो.

असे का होते, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. प्रत्येक प्राण्यात जनुकांच्या जोड्या असतात, एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून. आपल्या प्रत्येकाच्या अंगात काही बिघडलेली जनुके असतात, पण दुसरी प्रत धड असल्याने ती झाकून राहतात. आईबाप एकाच घरातले असले, की तीच बिघडलेली प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते आणि झाकलेले उघडे पडते. माणसांतही हेच. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे. एरवी शंभरात सुमारे तीन बाळांना जन्मजात दोष आढळतो, तर अशा जोडप्यांत हे प्रमाण साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुसंख्य मुले ठणठणीतच असतात. त्यामुळेच एखाद्या घरात काही झाले नाही, हा पुरावा म्हणून पुढे केला जातो. पण सख्ख्या भावंडांमधले नाते आते-मामे भावंडांपेक्षा चौपट जवळचे. आणि तेच पिढ्यान् पिढ्या चालले तर हिशेब वाढतच जातो. अपत्यक्षमता, रोगप्रतिकार, आयुष्य अशा सगळ्याच गोष्टी थोड्या थोड्या खाली येतात. शास्त्रज्ञ याला अंतःप्रजनन म्हणतात.

स्लिमब्रिजने उपाय केला तो सरळ होता. १९६० च्या दशकात हवाईहून नव्या रक्ताचे नर मागवले. त्यानंतर फळणाऱ्या अंड्यांचे प्रमाण सुधारले. पायात कड्या घालून कोण कोणाचे पिलू याच्या नोंदी ठेवल्या जात असल्यामुळेच दोष कुठे आहे हे कळू शकले. तिथल्या संशोधक जॅनेट किअर यांनी हवाईतील अँड्र्यू बर्जर यांच्यासोबत हा सगळा अनुभव १९८० मध्ये पुस्तकरूपाने मांडला, तोही चुका न लपवता. पाळीव प्रजननाचे श्रेय घेणाऱ्या संस्था पुष्कळ असतात. न फळलेल्या अंड्यांचा हिशेब छापणाऱ्या फार नसतात.

स्कॉट यांना पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची संख्या वाढवून थांबायचे नव्हते. १९६२ मध्ये ३० नेने विमानाने हवाईतील माउई बेटावर पाठवले गेले. या बेटावरून ते पूर्वीच नाहीसे झाले होते. हलेआकाला ज्वालामुखीच्या विवरापर्यंत त्यांच्या पेट्या बालवीरांनी पाठीवरून वाहून नेल्या. पुढच्या वर्षांत स्लिमब्रिजहून गेलेल्यांचा आकडा सुमारे २०० झाला. खुद्द हवाईतही १९४९ पासून पोहाकुलोआ येथे नेने वाढवून सोडले जात होतेच. तरी रानातला आकडा आपोआप वाढेना. नवे पक्षी सोडत राहावे लागत होते.

याचे एक कारण भारतातून गेलेले आहे. उसाच्या मळ्यांत उंदीर फार झाले म्हणून १८८३ मध्ये हवाईत मुंगूस आणले. ते आले जमैकाहून, पण जमैकात ते कलकत्त्याहून नेलेले होते. उंदीर रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. त्यामुळे उंदीर राहिले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या नेनेची अंडी-पिले मात्र गेली. पिले लहान असतात त्याच दिवसांत आईबापांची पिसे झडतात, म्हणजे त्यांनाही उडून जाता येत नाही. पक्षी सोडले जात होते ते उंच डोंगरावर, जिथे चाराही बेताचाच.

काउआई बेटाची गोष्ट या संदर्भात फार बोलकी आहे. १९८२ च्या चक्रीवादळात तिथल्या एका वाडीतले मूठभर नेने मोकळे सुटले. तेही मूळचे शिपमन यांच्याच कळपातले, म्हणजे रक्ताच्या दृष्टीने अगदी गरीब. पण काउआईवर मुंगसाने बस्तान बसवलेले नाही आणि सखल भागात गवत भरपूर. आज सर्वाधिक नेने याच बेटावर आहेत. रक्तातले दोष नाहीसे झाले म्हणून नव्हे, तर पिलांना जगायला जागा मिळाली म्हणून.

२००२ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. जुन्या हाडांमधला डीएनए तपासल्यावर दिसले, की नेनेमधली विविधता गोरे लोक येण्याच्या कितीतरी शतके आधीच, पॉलिनेशियन वस्ती वाढली त्या काळात आटली होती. शिपमन यांचे पक्षी गरीब घरातलेच, पण ते घर आधीपासूनच गरीब होते.

हे कळायला स्कॉट राहिले नव्हते. १९७३ मध्ये निसर्गसंवर्धनासाठी त्यांना सर हा किताब मिळाला. या कामासाठी तो मिळवणारे ते पहिलेच. धोक्यातल्या जातींची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी १९६३ पासून १९८० पर्यंत सांभाळले. घराच्या मोठ्या खिडकीतून समोरच्या तळ्यावर येणाऱ्या पाहुण्या राजहंसांच्या चोचीवरचा काळा-पिवळा नमुना कागदावर उतरवून ते एकेका पक्ष्याला ओळखत. १९६४ मध्ये सुरू केलेला हा उद्योग त्यांनी घरच्यांनाही लावला. २९ ऑगस्ट १९८९ रोजी, ऐंशी पुरी व्हायला दोन आठवडे असताना, ते गेले. अमेरिकी सरकारने २०१९ मध्ये नेनेला अतिधोक्याच्या यादीतून एक पायरी वर आणले, तेव्हा रानातल्या पक्ष्यांची संख्या अडीच हजारांच्या पुढे गेली होती. मुंगसांचा बंदोबस्त मात्र अजूनही दरवर्षी करावा लागतो.