गांधीजींची पायपीट

नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशे या क्षेत्रावरून वाहणारी तापी नदी पुढे गुजरातेत शिरते व सुरतेजवळ समुद्रास मिळते. १९३० सालच्या एप्रिल महिन्याच्या आरंभी याच नदीपलीकडून पदयात्रींची एक तुकडी सुरत शहरात येऊन पोहोचली. तिच्या अग्रभागी हातात काठी घेतलेले एक साठ वर्षांचे गृहस्थ झपझप चालत होते. ते होते महात्मा गांधी. मिठाचा कायदा मोडण्यासाठी साबरमतीहून दांडीला निघालेली ही यात्रा सर्वांना ठाऊक आहे. परंतु इतक्या वयात इतके चालण्याचे बळ त्यांच्या अंगी कोठून आले, हे फार थोड्यांना माहीत असते.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. लहानपणी ते अंगाने किरकोळ व स्वभावाने अतिशय लाजाळू होते. राजकोटच्या शाळेत व्यायामाचा तास सक्तीचा झाला, तेव्हा त्यांना तो मुळीच आवडेना. मात्र मोकळ्या हवेत दूरवर फिरून येण्याचे फायदे त्यांच्या वाचनात आले, ते त्यांना पटले आणि त्यांनी रोज फिरावयास जाण्याचा परिपाठ ठेवला. पुस्तकातील चांगली गोष्ट बहुतेक मुले वाचून सोडून देतात. या मुलाने ती आचरणात आणली.

पुढे कायद्याच्या अभ्यासासाठी ते लंडनला गेले. खर्च कमी करावा म्हणून त्यांनी अशी खोली शोधली, की जेथून कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी जाता येईल. अशा रीतीने रोज आठ-दहा मैलांची रपेट होऊ लागली. गाडीभाडे वाचले हे खरेच; पण त्या थंड व दमट देशात ते आजारीही पडले नाहीत, याचे श्रेय ते या चालण्यासच देत असत. मुंबईत वकिलीचा प्रयत्न करीत असतानाही ते घरापासून हायकोर्टापर्यंत पाऊण तास चालत जात आणि चालतच परत येत.

या सवयीची खरी कसोटी दक्षिण आफ्रिकेत लागली. जोहान्सबर्ग शहरात हिंदी लोकांची एक वेगळी वस्ती होती. तेथे ना धड रस्ते, ना गटारे, ना दिवे. नगरपालिकेचे तिच्याकडे पूर्ण दुर्लक्ष होते. १९०४ साली सोन्याच्या खाणीत काम करणारे २३ मजूर फुप्फुसाच्या प्लेगने आजारी होऊन या वस्तीत परतले. ही बातमी चिठ्ठीने कळताच गांधीजी सायकलवर बसून तडक तेथे गेले. एका सहकाऱ्याने रिकाम्या घराचे कुलूप तोडून रोग्यांची सोय केली होती. त्या रात्री गांधीजी, एक डॉक्टर व काही तरुण मदतनीस यांनी जिवाची पर्वा न करता रोग्यांची शुश्रूषा केली. तरीही त्यांतील बहुतेक दगावले. नगरपालिकेने पाठविलेली एक परिचारिकाही त्या रोगाला बळी पडली.

साथ पसरू नये म्हणून सारी वस्ती रिकामी करावयाचे ठरले. लोक भयभीत झाले. त्यांनी जमिनीत पुरून ठेवलेली शिल्लक उकरून विश्वासाने गांधीजींच्या स्वाधीन केली व त्यांनी ती बँकेत ठेवून दिली. शहरापासून सुमारे तेरा मैलांवर, उघड्या माळावर तंबू ठोकून लोकांना तीन आठवडे ठेवण्यात आले आणि इकडे वस्तीला आग लावण्यात आली. गांधीजी रोज सायकलने त्या माळावर जात. ते आले की लोकांना धीर वाटे. गलिच्छ गल्ल्यांत राहणाऱ्या त्या माणसांची प्रकृती मोकळ्या हवेत सुधारली, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

१९१० मध्ये त्यांनी जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर टॉलस्टॉय फार्म हा आश्रम स्थापिला. सर्वांच्या कामासाठी शहरात जावयाचे असेल तरच आगगाडी, आणि तीही तिसऱ्या वर्गाने; केवळ हौसेखातर जाणाऱ्याने मात्र पायी जावे, असा तेथला नियम होता. मंडळी रात्री दोन वाजता उठत, घरची शिदोरी बांधून घेत आणि सहा-सात तासांत शहर गाठत. एकाने तर हे अंतर चार तास अठरा मिनिटांत तोडले!

स्वतःला कळलेले ज्ञान गांधीजींनी स्वतःपाशी ठेवले नाही. १९१३ साली 'इंडियन ओपिनियन' या आपल्या पत्रातून त्यांनी आरोग्यावर गुजरातीत लेखमाला लिहिली. शेतकऱ्यास त्याच्या कामातच उत्तम व्यायाम घडतो. ज्यास तो घडत नाही, त्याने रोज मोकळ्या हवेत चालावे, असे त्यांनी सोप्या भाषेत समजावून दिले. चालण्यास ना पैसा लागतो, ना साधने. म्हणून गरिबातल्या गरिबालाही हा व्यायाम शक्य होता. या लेखांचे पुढे पुस्तक झाले, त्याची अनेक भाषांतरे निघाली आणि पूर्वेकडे व पश्चिमेकडे त्यांच्या पुस्तकांत तेच सर्वांत अधिक वाचले गेले. राजकारणावरील मोठ्या लेखांपेक्षा हे लहानसे पुस्तक लोकप्रिय व्हावे, ही मौजच म्हणावयाची.

दांडीच्या यात्रेत २४ दिवसांत २४१ मैलांची मजल मारली गेली. बरोबरच्या काही तरुणांच्या पायांना फोड आले, परंतु म्हातारबुवांचा वेग कमी झाला नाही. मुक्कामाच्या गावी ते लोकांना खादीबरोबरच गावच्या स्वच्छतेविषयीही सांगत.

३० एप्रिल १९३६ रोजी ते वर्ध्याहून सुमारे पाच मैल चालत शेगाव या खेड्यात राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. तेथे सकाळ-संध्याकाळचा फेरफटका कधी चुकत नसे. भेटीस आलेल्या थोरामोठ्यांनाही त्यांच्याबरोबर चालतच बोलावे लागे, आणि पुष्कळांची त्यात दमछाक होई.

१९४२ साली पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावरील ते जुने पुस्तक नव्याने लिहून काढले. त्यानंतर १९४७ च्या आरंभी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, दंगलीने होरपळलेल्या नोआखालीत ते गावोगाव अनवाणी हिंडले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत, प्रार्थनेस चालत जात असताना त्यांची हत्या झाली. पुण्यात लिहिलेले ते पुस्तक त्याच वर्षी छापून प्रसिद्ध झाले.