रोलर ओढणारा पोरगा साहेबांना भारी पडला : बाळू पालवणकर

भातकापणी झाली की रेवसपासून अलिबागपर्यंतच्या रिकाम्या शेतांत टेनिस बॉलच्या टूर्नामेंट सुरू होतात. सिक्सरचे रील फिरतात, बक्षिसांचे फोटो पडतात. पण आधी पाणी मारून, रोलर फिरवून पीच बनवणारा माणूस त्या फोटोत सहसा नसतो.

भारतीय क्रिकेटच्या पहिल्या मोठ्या बॉलरची गोष्ट नेमकी याच कामापासून सुरू होते.

बाळू पालवणकर. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं, जन्म १८७६ चा, धारवाडचा. घर चर्मकार समाजातलं, वडील ब्रिटिशांच्या फौजेत. पुण्यात साहेबांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

पहिली नोकरी पारशी क्लबात. पीच झाडायचं, रोलर फिरवायचा, पगार महिन्याला ३ रुपये. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात गेला, तिथे ४ रुपये. रोलिंग, रेषा आखणं, नेट बांधणं, सगळं त्याच्याकडे.

आता रोलर म्हणजे नुसती ताकद असं वाटत असेल तर थांबा. लोखंडी पिंपाच्या मधून दांडा जातो आणि त्याची दोन टोकं बेअरिंगमध्ये फिरतात. तिथलं ग्रीस सुकलं किंवा माती शिरली की रोलर फिरायच्या ऐवजी घसटतो आणि पीचवर ओरखडे उठतात. गवत कापायच्या मशीनचंही तसंच. १८३० मध्ये इंग्लंडच्या एडविन बडिंगने ती बनवली, त्यात चाकाची गती गिअरमधून पात्यांपर्यंत जायची. गिअर कोरडे पडले की पाती अडखळतात, आणि गवत कापलं न जाता ओढलं जातं. बरं, तेल जास्त झालं आणि खाली ठिबकलं, तर तेवढं गवत जळतं. आजच्या डिझेल रोलरच्या गिअरबॉक्सलाही हेच लागू. हे काम कुठल्याच स्कोअरकार्डवर येत नाही.

बाळू नेटमध्ये डावखुरी स्पिन टाकायला लागला. जे. जी. ग्रेग हा क्लबचा सगळ्यात भारी बॅट्समन. तो इतरांच्या आधी येऊन बाळूला बॉलिंग करायला लावायचा आणि आऊट झाला की त्याला आठ आणे द्यायचा. हिशोब करा, आठ वेळा आऊट केलं की महिन्याचा पगार वसूल. बॅट मात्र बाळूच्या हातात कधी दिली गेली नाही. ते साहेबांचं काम!

मग पुण्यातल्या हिंदू क्लबापुढे प्रश्न आला, याला घ्यायचं का? बरीच खळखळ झाली, शेवटी घेतलं. मैदानात सगळे एकाच बॉलला हात लावायचे. पण चहाच्या वेळी बाळूला पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा. जेवायलाही वेगळं बसायचं.

साताऱ्याची मॅच तर ऐकाच. तिथल्या युरोपियन जिमखान्याला बाळूची धास्ती होती. म्हणून त्यांनी अनेक दिवस आधीपासून पीचवर रोलर फिरवून घेतला. पीच दाबून सपाट केलं की बॉल पकड घेत नाही आणि स्पिनर निष्प्रभ होतो, असं गणित. पण समोर कोण होता? ज्याची उमेदीची वर्षं रोलरमागे गेली, तो. त्या पीचवरही बाळूने ७ विकेट काढल्या आणि पुणेकर जिंकले.

प्लेगच्या काळात तो मुंबईला गेला. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ रनांनी हरवलं, त्यात बाळूचा वाटा मोठा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात टीम सपाटून हरत होती, तरी त्याने सगळ्या मॅच मिळून ११४ विकेट घेतल्या.

इतकं करूनही हिंदू संघाची कॅप्टन्सी त्याला मिळाली नाही. कारण क्रिकेटचं नव्हतंच. १९२० मध्ये भावांना पुन्हा डावललं गेलं तेव्हा विठ्ठल आणि शिवराम टीममधून बाहेर पडले. त्यांना परत आणताना बाळूला व्हाइस कॅप्टन करावं लागलं. पुढे तो राजकारणात उतरला. १९३७ मध्ये काँग्रेसकडून थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध लढला आणि हरला. ४ जुलै १९५५ ला मुंबईत त्याचं निधन झालं.

कॅप्टन्सी घरात आली ती १९२३ मध्ये, धाकट्या विठ्ठलकडे. त्या वर्षी विठ्ठलच्या टीमने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली.