संगणकाला सिग्नल देणारा माणूस

1957 साली ॲमस्टरडॅम शहरात एक तरुण आपल्या लग्नाची नोंद करायला गेला. व्यवसाय कोणता, तर त्याने प्रोग्रॅमर असे सांगितले. असा व्यवसाय अस्तित्वातच नाही, असे म्हणून अधिकाऱ्यांनी ते नाकारले आणि शेवटी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद झाली! त्या तरुणाचे नाव एड्स्गर डाइक्स्ट्रा. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. प्रवेश-अर्जात वडिलांचा व्यवसाय लिहिताना, शेती लिहावे की मजुरी, या विचाराने माझेही पेन थबकते. म्हणून हा माणूस मला पहिल्याच भेटीत आपला वाटला.

त्याचा जन्म 11 मे 1930 रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्र शिकवीत, आई गणितज्ञ होती. लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत असतानाच, 1952 साली, तो ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात कामाला लागला. 1956 मध्ये वाग्दत्त वधूबरोबर कॉफी घेता घेता, कागद-पेन्सिलीशिवाय, वीस मिनिटांत त्याने जवळात जवळची वाट शोधण्याची रीत मनातच मांडली. नांदेडहून लातूरला लोहा-अहमदपूरवरून जाणारी वाट आज मोबाईल दाखवतो, त्याच्या मुळाशी हीच विचारसरणी आहे. पण माझ्या मते त्याचे खरे मोठेपण दुसऱ्याच कामात आहे.

वाचकहो, लातूरच्या आडत बाजारातील एक दुकान डोळ्यांपुढे आणा. खातेवही एक, मुनीम दोन. वहीत 500 रुपये शिल्लक आहे. दोघांनीही 500 हा आकडा पाहिला. पहिल्याने 100 मिळवून 600 लिहिले. दुसऱ्याच्या डोक्यात अजून 500 च होते. त्याने 50 मिळवून, आधीचे खोडून, 550 लिहिले. शेतकऱ्याचे 100 रुपये कुठे गेले? कोणी चोरी केली नाही, बेरीजही कोणाची चुकली नाही! मालकाने पुन्हा पडताळा घ्यायला दोघांना बसवले, तर हिशेब बिनचूक येतो, कारण ती नेमकी वेळ पुन्हा जुळून येत नाही. संगणकाच्या गाभ्यातील यंत्रणा एकाच वेळी अनेक कामे हाकते, तेव्हा हाच घोटाळा होतो.

एक्स-वन नावाच्या संगणकात, हातातले काम मध्येच थांबवून बाहेरच्या यंत्राची हाक ऐकण्याची सोय करायचे ठरले, तेव्हा डाइक्स्ट्रा घाबरला होता. एकदाच दिसून नाहीशी होणारी चूक पकडायची कशी? त्याने आधी विरोध केला, मग मान तुकवली आणि 1959 चा आपला डॉक्टरेटचा प्रबंध याच विषयाशी जोडला.

1962 साली तो आइंडहोव्हनच्या तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक झाला. तेथे सहा जणांच्या गटाने एक्स-एट या संगणकासाठी कार्यप्रणाली रचली. तिच्यात त्याने आणलेल्या युक्तीचे नाव सेमाफोर, म्हणजे रेल्वेचा हात असलेला सिग्नल. माझे आजोबा लातूर रोडकडच्या मार्गावर गँगमन होते. एकेरी रुळावर चालकाला वेताच्या कड्यातल्या पिशवीतून लोखंडी गोळा मिळाल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नसे, हे ते नेहमी सांगत. गोळा एकाकडे, म्हणजे रूळही त्याचाच. सेमाफोरचे मर्म मला पुस्तकापेक्षा या गोळ्यावरून लवकर कळले. वही हातात घ्यायची तर आधी परवानगी; काम संपले की ती परत.

पण दोघांनी एकेक वस्तू धरून ठेवली आणि दुसरीसाठी वाट पाहत बसले, तर दोघेही जन्मभर बसून राहतील! 1965 साली त्याने हा पेच विद्यार्थ्यांना परीक्षेत घातला. त्यातल्या पाच संगणकांच्या जागी पुढे टोनी होर यांनी जेवणाच्या टेबलाभोवती बसलेले पाच तत्त्वज्ञ आणले. तत्त्वज्ञानाच्या आमच्या वर्गाने याची दखल घ्यावी.

चाचणीने चूक आहे हे कळते, चूक नाही हे कधीच सिद्ध होत नाही, असे त्याचे मत होते. म्हणून आइंडहोव्हनची रचना थराथरांनी केली आणि कामे एकमेकांना अडवणार नाहीत हे आधी तर्काने सिद्ध केले. 1968 साली छापलेल्या वृत्तान्तानुसार, चाचणीत निघाल्या त्या किरकोळ लेखनचुका, सुमारे 500 आज्ञांमागे एक, आणि त्यातली प्रत्येक दहा मिनिटांच्या आत सापडली.

स्वभाव मात्र तिखट. न पटलेल्या गोष्टीवर तो फार बोचरे लिही, कधीकधी अन्यायही करी. 1972 साली त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 1984 पासून तो अमेरिकेत ऑस्टिन येथे शिकवू लागला. चांगल्या प्रोग्रॅमरला गणिती वृत्तीबरोबर मातृभाषेवर उत्तम प्रभुत्व हवे, असे तो मानत असे. कला शाखेत मराठी घेतली म्हणून नाक मुरडणाऱ्या नातेवाइकांना मी हे आवर्जून ऐकवते.

संगणकशास्त्राचा हा प्राध्यापक शाईच्या पेनाने हाताने लिहीत असे. नावाची आद्याक्षरे आणि क्रमांक घातलेली त्याची 1300 हून अधिक टिपणे प्रती काढून या मित्राकडून त्या मित्राकडे जात राहिली. अखेरच्या आजारात तो हॉलंडला परतला आणि 6 ऑगस्ट 2002 रोजी न्यूनेन या गावी वारला. त्याच वर्षी त्याच्या 1974 मधील एका लेखाला जो पुरस्कार मिळाला, तो पुढच्या वर्षापासून त्याच्याच नावाने दिला जाऊ लागला.